फेरारी म्हणजे लोहार, मग येमुल म्हणजे?

सुरुवात एका कॉन्फरन्स कॉलने झाली. आमचा मिलानचा क्लायंट, आडनाव फेरारी. टीममधल्या एका पोराला राहवलं नाही. त्याने विचारलंच, “गाडीवाल्यांपैकी का तुम्ही?” पलीकडून खो खो हसण्याचा आवाज आला. “नाही रे बाबा, इटलीत गल्लोगल्ली फेरारी आहेत. फेरारी म्हणजे लोहार. आमचे कोणीतरी खापरपणजोबा भाता मारत बसलेले असणार!”

मग आडनावांचीच मैफल जमली. रोसी म्हणजे तांबड्या केसांचा. मेस्सी खेळतो अर्जेंटिनाकडून, पण आडनाव अस्सल इटालियन, कारण त्याचे पूर्वज इटलीतल्या रेकानाती गावाहून बोटीने तिकडे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाखो इटालियन असेच पोट बांधून अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिकेला गेले. शेत, घर, गाय, सगळं मागे राहिलं. आडनाव तेवढं बरोबर गेलं, त्याला तिकीट लागत नाही ना!

आणि मग प्रश्न माझ्याकडे वळला. “तुझ्या आडनावाचा अर्थ काय गं?”

आली का पंचाईत! वय वर्षं चौतीस, दहा वर्षं पुण्यात नोकरी, सीव्हीवर तीन सर्टिफिकेशन्स, आणि स्वतःच्या आडनावाचा अर्थ ठाऊक नाही. आजवर मला आडनावावरून एकच प्रश्न यायचा, “येमुल? साउथ इंडियन का?” आणि त्याचं उत्तर मला पाठ होतं, “नाही, सोलापूर.” समोरचा लगेच म्हणणार, “अरे वा, चादर!” विषय संपला.

या वेळी विषय संपला नाही, कारण त्याच आठवड्यात पप्पांचा फोन आला. “शनिवारी ये. घराचं फायनल होतंय. आणि नावाची काहीतरी भानगड निघालीय.”

एक आजोबा, चार नावं

घराचं फायनल, म्हणजे विक्री. सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर, पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग. शेड हा आपला शब्द. सोलापुरात त्याला ‘कारखाना’ म्हणतात, मग त्यात दोन माग असोत की वीस. माग केव्हाच भंगारात गेले. आजोबा गेल्यावर पप्पा-मम्मी विजापूर रोडकडे फ्लॅटमध्ये आले. जुन्या घरात फक्त अव्वा राहायची. अव्वा म्हणजे माझी आजी. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरली आणि तिलाही फ्लॅटवर यावं लागलं. कुलूपबंद घराचं करायचं काय? विकायचं.

भानगड अशी होती. जुन्या खरेदीखतावर आजोबांचं आडनाव ‘यमुल’. रेशन कार्डावर ‘येमूल’. लाइट बिलावर ‘येमुल’. आणि गिरणीच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर चक्क ‘वेमुला’, तेही आधी आडनाव आणि मग नाव! घेणाऱ्याचे वकील म्हणाले, “हे चार वेगळे इसम आहेत असं उद्या कोणी म्हटलं तर?” मग प्रतिज्ञापत्र करा, साक्षीदार आणा, फोटो लावा. ज्या ऑफिसात पप्पा या कामासाठी गेले, तिथल्या साहेबांनी तर कागद न बघताच सरकवला. “तुमच्या लोकांचं हे नेहमीचंच आहे, एकाचं नाव धड नसतं.”

पप्पा फोनवर हे सांगताना हसत होते. पण ते हसणं मला ओळखू येतं. पस्तीस वर्षं सोलापुरात अकाउंट्स लिहिलेला माणूस, मराठी शुद्धलेखनात माझ्याही चुका काढणारा. आणि त्याला ऐकावं लागलं, ‘तुमच्या लोकांचं’.

शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडली आणि निघाले.

पेरू कशाला खायचा?

ज्यांना सोलापूर म्हणजे फक्त चादर आणि शेंगाचटणी वाटतं, त्यांच्यासाठी थोडं फ्लॅशबॅक. १८६० मध्ये मुंबई-पुण्याची रेल्वे सोलापुरात पोचली. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली, तीच ‘जुनी मिल’. तेव्हा सोलापूर ब्रिटिश मुलखात आणि पलीकडे निजामाचं राज्य. त्या राज्यातल्या तेलंगणातून, म्हणजे करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून पद्मशाली विणकर कामाच्या शोधात इकडे यायला लागले. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, गिरणीच्या स्वस्त कापडाने मारलेला हातमाग आणि इकडे रोजगार देणारं गाव. माणूस निघणार नाही तर काय करेल?

गंमत म्हणजे ज्या गिरणीच्या कापडाने हातमागाची कंबर मोडली, तशाच गिरणीत यातले कितीतरी जण कामाला लागले. काहींनी घरात हातमाग टाकले, पुढे त्याचे यंत्रमाग झाले. जेकार्डची चादर आणि टेरी टॉवेल सोलापूरच्या नावाने जगभर गेले, भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. गिरण्यांचे भोंगे एकेक करत बंद पडले, पण पूर्व भाग आजही अर्धा तेलुगू आहे. पुरुष मागावर आणि बायका विडीवर, हा इथल्या कितीतरी घरांचा हिशेब. माझी अव्वा पन्नास वर्षं विड्या वळत होती. अजूनही टीव्ही बघताना तिची बोटं आपोआप हलतात.

या माणसांनी बरोबर काय आणलं? बोली आणली, मार्कंडेय महामुनी आणले, बतकम्मा आणली, संक्रांतीचे सकिनालु आणले. आणि आणलं ‘इंटि पेरु’.

लहानपणी शाळेतली मैत्रीण घरी आली होती. अव्वाने दारातच तिला विचारलं, “नी इंटि पेरु एंदि?” मैत्रीण म्हणाली, “नको आजी, मी पेरू खात नाही, मला सर्दी होते.” आमच्या घरात हा किस्सा आजही दिवाळीला निघतो. इंटि पेरु म्हणजे घराचं नाव. इल्लु म्हणजे घर, पेरु म्हणजे नाव. आपण ज्याला आडनाव म्हणतो, ते तेलुगूत माणसाचं नसतंच, घराचं असतं. म्हणून तिकडे ते आधी येतं. आधी घर, मग त्यातला माणूस.

सोलापुरात आल्यावर हे नाव उलटं झालं. मराठी शाळेच्या हजेरीपटाला हवं मुलाचं नाव, बापाचं नाव आणि शेवटी आडनाव. पुढे गेलेला राजा शेपटीला आला. तिकडे राहिलेल्या भाऊबंदांचा इंटि पेरु आकसून एका इनिशियलवर आला, आमचा मागे जाऊन ठळक झाला. आडम मास्तर म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेले कामगार नेते घ्या. ते इथे नरसय्या आडम. तेलंगणात असते तर आडम नरसय्या झाले असते. तेलुगू आणि मराठी दोन्हींत लिहिणारे लक्ष्मीनारायण बोल्ली यांचंही तसंच. नाव तेच, उभं राहण्याची जागा बदलली.

पोपट, दाढी आणि बांगड्या

शनिवारी सकाळी अव्वाला रिक्षात घालून जुन्या घरी निघालो. शेवटचं एकदा बघायचं म्हणून हट्ट तिचाच. रिक्षावाला विचारतो, “कुठं चाल्लाव मॅडम? कन्ना चौकाकडनं घेऊ का?” अव्वा त्याच्याशी तेलुगूत सुरू झाली, तो तिला मराठीत उत्तर देत होता आणि मध्येच फोनवर कोणाशी तरी कन्नड बोलत होता. सोलापुरात याचं कोणाला काही वाटत नाही.

मी पाट्या वाचत होते. आयुष्यभर बघितलेल्या पाट्या, पण आज पहिल्यांदाच अव्वाला अर्थ विचारत होते. आणि काय सांगू, बाजूला डिक्शनरीच बसली होती!

चिलका? पोपट. (म्हणजे वर्गातला तो चिलका, ज्याचा आम्ही सारखा पोपट करायचो!) गड्डम? दाढी. कोंडा? डोंगर. बोम्मा? बाहुली. दासरी? देवाची गाणी म्हणत दारोदार फिरणारा भक्त. गाजुल? इथे अव्वा थांबली. हाताकडे बघून म्हणाली, “बांगड्यांचे. आमचं.” लग्नाआधी ती गाजुल होती, हे मला माहीत होतं. पण ती ‘बांगड्यांच्या घरातली’ होती, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

“आणि येमुल?”

“वेमु म्हणजे कडुनिंब,” अव्वा म्हणाली, “तेवढं पण माहीत नाही का बिड्डा? पप्पा सांगितला नाही?”

पप्पा पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी गप्प. त्यांनाही माहीत नव्हतं.

म्हणजे फेरारी लोहार, आणि आम्ही कडुनिंब. कडू तर कडू, पण औषधी!

चार स्पेलिंगांची सुटलेली गाठ

आणि तिथेच वकीलसाहेबांच्या चार इसमांचं कोडं सुटलं. मूळ शब्द वेमुल. ‘ल’ हा शेवट तेलुगूत अनेक आडनावांना असतो, ‘त्यांचा, त्या गोतातला’ अशा अर्थाने. गाजुल त्यातलंच. तेलंगणाच्या बोलीत सुरुवातीच्या ‘वे’चा सहज ‘ये’ होतो. तिथल्या वेमुलवाडा या प्रसिद्ध तीर्थक्षेत्राला साधी माणसं येमुलाडा म्हणतात. झालं, वेमुलचं येमुल बोलण्यातच झालं.

पुढचं काम भाषांनी केलं. तेलुगूत शेवटचा ‘ल’ पूर्ण उच्चारतात. तो दाखवायला इंग्रजीवाल्यांनी शेवटी ‘ए’ लावला, आणि मग वाचताना त्याचा ‘वेमुला’ झाला. मराठीवाल्यांची सवय उलटी. आपण ‘कमल’ लिहितो आणि ‘कमल्’ म्हणतो. म्हणून इथे तो ‘येमुल्’ झाला. गिरणीतला कारकून इंग्रजीत लिहिणारा, म्हणून कागदावर वेमुला. रेशनवाला मराठी, म्हणून येमूल. खरेदीखत लिहिणाऱ्याला मात्रा द्यायचा कंटाळा, म्हणून यमुल! माणूस एकच. लिहिणारे चार.

कोणाचंही नाव ‘धड नसतं’ असं नाही. दुसऱ्याच्या लिपीत बसताना त्याला अंग चोरावं लागतं, एवढंच.

कॉलेजात असताना ऑर्कुटवर एकदा मी माझं आडनाव शोधलं होतं. इंग्रजीत ‘येमुल’ टाकल्यावर आले सोलापूर, पुणे, भिवंडी, सुरतचे. ‘वेमुला’ टाकल्यावर आले हैदराबाद, वरंगळ, न्यू जर्सी आणि डॅलसचे. तेव्हा वाटलं, हे कोणीतरी दुसरेच. आज कळतंय की एका ‘ला’वरून आमच्या वाटा वेगळ्या झाल्यात. जे विणकर मागाच्या मागे निघाले, ते सोलापूर, भिवंडी, सुरत, मुंबईत वरळी-प्रभादेवीकडे गेले. मुंबईचा कामाठीपुरासुद्धा तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरूनच ओळखला जातो. आणि जे तिकडेच राहिले त्यांची नातवंडं कम्प्युटर शिकून अमेरिकेत गेली. आमच्या हैदराबादच्या ऑफिसात एक वेमुला आहे. तीन वर्षं आम्ही एकमेकांना मेल टाकतोय, ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’. मी त्याला कधीच विचारलं नाही, तुझं गाव कुठलं.

सोलापुरात सोलापूरकर राहत नाहीत

आपल्या मराठी आडनावांचं तरी काय वेगळं आहे? ‘कर’ लावलं की गाव कळतं म्हणतात. पण विचार करा, चिपळुणात सगळेच चिपळूणचे. तिथे एकालाच चिपळूणकर म्हणून काय ओळख पटणार? हे नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर, नव्या गावच्या लोकांकडून. म्हणजे ‘कर’ हा पत्ता नाही. ती निघून आल्याची पावती आहे. माझा होणारा नवरा कोथरूडचा, त्याचंही आडनाव ‘कर’वालं. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे आम्हीपण मायग्रंट?” मी म्हटलं, “वेलकम टु द क्लब.”

आणि सोलापूर तर आडनावांचं जंक्शन! चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहा आणि नावं वाचा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली या शहराने इंग्रजांना असं हलवलं की मार्शल लॉ लावावा लागला. १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. शेट्टी हा कानडी मुलखातला व्यापारी, सारडा मारवाडातले, शिंदे मराठे, हुसेन मुसलमान. चौघांच्या आडनावांची चार गावं, पण खटला एक आणि शिक्षा एक. आपण शुक्रवारी संध्याकाळी जिच्यात विंडो सीटसाठी भांडतो, ती ‘हुतात्मा’ याच चौघांची.

सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचा मान असणारं घराणं हिरेहब्बू. हिरे म्हणजे कन्नडमध्ये थोरला, हब्ब म्हणजे सण. आडनावातच सण असलेलं घराणं दुसऱ्या कुठल्या शहरात सापडेल? आणि खुद्द शहराचं नाव घ्या. शाळेत आम्हाला ‘सोळा गावांचं सोलापूर’ शिकवलं. शिलालेखांत मात्र ‘सोन्नलगे’ आहे. इंग्रजांनी त्याचं ‘शोलापूर’ केलं. म्हणजे शहराचीसुद्धा तीन-चार स्पेलिंगं आहेत. त्याला कोणी प्रतिज्ञापत्र मागत नाही!

सर्वांत लांब गेलेलं आडनाव

सोलापूरचं सर्वांत लांब जाऊन स्थायिक झालेलं आडनाव मात्र अमेरिकेत नाही, चीनमध्ये आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. बाकीचे परतले, हे राहिले. कोटणीस हे आडनाव फडणीस, चिटणीसच्या गोत्रातलं. ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिनी जिभेला हे कुठून जमणार? त्यांनी डॉक्टरांचं नाव केलं ‘के दिहुआ’. चिनी लोकही आडनाव आधी लावतात. म्हणजे ‘कोटणीस’मधलं फक्त ‘के’ उरलं, पण ते पुढे जाऊन बसलं.

तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव इन्हुआ, म्हणजे ‘भारत-चीन’. आडनाव अर्थातच ‘के’. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले, वय फक्त बत्तीस. मुलगाही वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. आडनाव तिथे संपलं. पण शिजियाझुआंगमध्ये त्यांची समाधी आहे आणि तिकडे आजही लोक फुलं वाहतात. सोलापुरात भैया चौकात त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय. शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमा सगळ्यांना माहीत असतो, स्मारक मात्र निम्म्या सोलापूरकरांनी आतून बघितलेलं नसतं. मीही याच वेळी पहिल्यांदा गेले. काचेमागचे जुने फोटो बघताना एकच विचार येत होता. आडनाव पुढे जायला मुलगा लागतो असं आपण धरून चालतो. इथे ना मुलगा उरला, ना पूर्ण आडनाव. तरी माणसं नाव घेतात.

हा विचार उगाच नव्हता आला. मी एकुलती एक. येत्या मे महिन्यात लग्न. आमच्या शाखेतला ‘येमुल’ माझ्यापाशी थांबणार, हे पप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही. मम्मी मात्र हॉलच्या बुकिंगपेक्षा जास्त वेळा विचारते, “नाव बदलणारेस ना? पासपोर्टचं वगैरे लवकर कर.” कायद्याने बदलायलाच पाहिजे असं काही नाही, हे मला माहीत आहे. पण कायदा वेगळा आणि मम्मीचं तोंड वेगळं.

मला कोण विचारलं?

जुन्या घराचं कुलूप अव्वानेच उघडलं. आत कोंदट वास, भिंतीवर मार्कंडेयाचा फोटो. कारखान्यात मागांच्या जागी सिमेंटवर चार-चार बोल्टांच्या खुणा. कोपऱ्यात एक धोटा पडलेला, लाकूड गुळगुळीत झालेलं. अव्वाने तो उचलून पदराने पुसला आणि पिशवीत टाकला. पप्पा म्हणाले, “कशाला हवंय ते?” तिने उत्तर दिलं नाही.

मग ती उंबऱ्यावर बसली. मी शेजारी बसले आणि एकदाचं विचारून टाकलं. “अव्वा, लग्नानंतर मी आडनाव बदलू का नको?”

मला वाटलं होतं, एखादी तेलुगू म्हण ऐकायला मिळेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि सोलापुरी मराठीत म्हणाली, “मला कोण विचारलं? चौदाव्या वर्षी गाजुलची येमुल झाले. विडीच्या कार्डावर येमुल, रेशनवर येमुल, दवाखान्यात येमुल. बाप मेला तेव्हा गाजुलच्या घरी गेले, तर तिथली नवी सून मला विचारली, ‘तुमचं इंटि पेरु काय?’”

थोडा वेळ गप्प बसली. “तुला विचारायलेत ना कोणीतरी? मग तू सांग की.”

बस. एवढंच. ना बदल म्हणाली, ना नको म्हणाली.

संध्याकाळी मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहायला बसले. वकिलांनी दिलेला नमुना होता, ‘वरील सर्व नावे एकाच इसमाची असून…’. मी खाली पप्पांना विचारून तीन ओळी जादा घातल्या. मूळ तेलुगू आडनाव, त्याचा उच्चार, आणि इंग्रजी-मराठीत ते वेगवेगळं का लिहिलं गेलं. वकीलसाहेबांनी वाचून चष्मा काढला. “याची गरज नाही हो मॅडम.” पप्पा पहिल्यांदाच खणखणीत आवाजात म्हणाले, “असू द्या. आमच्या लोकांचं नाव धड आहे, ते कुठंतरी लिहून राहू द्या.”

सोमवारी सही झाली. साक्षीदार म्हणून मी. पूर्ण नाव लिहिताना शेवटच्या शब्दावर हात अडेल असं वाटलं होतं, अडला नाही. बाहेर आल्यावर होणाऱ्या नवऱ्याला मेसेज टाकला, ‘नाव तेच ठेवतेय.’ त्याचा रिप्लाय आला, ‘ओके. पण अर्थ काय ते आधी आईला सांग, तिला कडुनिंब आवडतो.’ पुढे दात काढणारा स्मायली. मम्मीला अजून सांगितलेलं नाही. ते पुढच्या विकेंडला.

निघायच्या आधी पप्पांनी जुन्या दारावरची पाटी स्क्रू काढून उतरवली. पेंटरने हाताने रंगवलेली, निळ्यावर पांढरं, ‘येमुल’. त्यांना वाटलं, आता नव्या मालकाला काय उपयोग. पाटी माझ्या सॅकमध्ये लॅपटॉपला चिकटून पुण्याला आली.

मंगळवारी ऑफिसात बसल्यावर पहिला मेल हैदराबादच्या वेमुलाला केला. फाइल जोडली, ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ लिहिलं आणि खाली एक ओळ, तुझं गाव कुठलं?

अर्ध्या तासात उत्तर आलं. “सिरसिल्ला. आजोबा विणकर होते. का गं?”

मी मिलानच्या फेरारीचा कॉल पाच मिनिटं पुढे ढकलला.

सोलापूरला जाताय? मग हे लक्षात ठेवा

कसं जाल : पुण्याहून साधारण अडीचशे किलोमीटर. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पुणे-सोलापूरवाल्यांची लाडकी. मुंबईहून २०२३ पासून वंदे भारतही आहे. गाडीने गेलात तर हाच हायवे पुढे हैदराबादला जातो. आमचे पणजोबा याच दिशेने, उलटे आले.

कधी जाल : जानेवारीत संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी. पूर्व भाग बघायचा तर नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथोत्सवाला किंवा नवरात्रात बतकम्माला. फुलांचे थर रचून बायका फेर धरतात तेव्हा आपण तेलंगणात आहोत की महाराष्ट्रात, हे विसरायला होतं.

काय बघाल : भुईकोट किल्ला, तलावातलं सिद्धेश्वर मंदिर, चार हुतात्म्यांचे पुतळे, कोटणीस स्मारक. वेळ असेल तर कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत बघा. विडी कामगार बायकांची दहा हजार घरं तिथे आहेत. ज्यांच्या नावावर कधी काही नव्हतं, त्या बायकांची.

काय खाल : कडक भाकरी आणि शेंगाचटणी मस्ट. ओळखीचं तेलुगू घर असेल तर संक्रांतीचे सकिनालु मागून खा.

आणि हो, कोणी दारात “इंटि पेरु एंदि?” विचारलं, तर पेरू नको म्हणू नका. आडनाव सांगा. अर्थासकट!